गिअरबॉक्स गेला? आधी तेलाची कांडी बघा

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा अख्खा भाग इथे लिहून देतेय. आपण इतिहासाच्या गप्पा मारतो, हे तुम्हाला माहीतच आहे. आजचा इतिहास गाडीच्या बॉनेटखालचा आहे. त्यात एक जर्मन जहाज कारखाना आहे, अमेरिकेचे रणगाडे आहेत, एक देवमासा आहे आणि आपल्या सोलापुरात जन्मलेला एक उद्योगपती आहे. हे सगळे मिळून एका साध्या प्रश्नाचं उत्तर देतात: जुनी ऑटोमॅटिक गाडी रेस दिल्यावर नुसतीच ओरडते, पण ओढत नाही, तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

टेंभुर्णीचा नाका

टेंभुर्णी म्हणजे वाटा एकत्र येणारं गाव. पुणे-सोलापूर हायवे गावाला लागूनच जातो. पूर्वीचा नऊ नंबर, आताचा राष्ट्रीय महामार्ग ६५. इथूनच पंढरपूरची वाट फुटते, करमाळ्यावरून नगरकडे जाता येतं, कुर्डुवाडी-बार्शी करत लातूरला जाता येतं. आजूबाजूला ऊस, त्यामुळे हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांची रांग. अशा गावात गॅरेजं असणारच. इथल्या मिस्त्रीला ट्रकची क्लच प्लेट बदलणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. नुसत्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगणारी माणसं इथे आहेत.

पण एखादी दहा-पंधरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी आली आणि मालक म्हणाला, "रेस दिली की इंजिन बोंबलतंय, पण गाडी वढंना झालीय," की बऱ्याचदा निकाल आधीच लागलेला असतो. "गिअरबॉक्स गेला. पुण्याला न्या, नाहीतर विकून टाका."

माझी मावशी टेंभुर्णीत राहते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिच्या डाव्या पायात ताकद कमी आहे. क्लच दाबणं तिला जमत नाही. म्हणून तिने २०१० च्या आसपासची, चार गिअरची एक ऑटोमॅटिक हॅचबॅक सेकंडहँड घेतली. त्या गाडीवर ती शाळेत शिकवायला जाते, बाजार करते, आजीला दवाखान्यात नेते. ऑटोमॅटिकला आपण चैन म्हणतो ना, तिच्यासाठी ती गाडी म्हणजे कुणाला "सोडतोस का रे?" असं विचारावं न लागणं. त्या गाडीला हाच निकाल मिळाला तेव्हा या विषयाच्या मागे लागणं मला भाग होतं. नवीन गिअरबॉक्सचा जो आकडा सांगितला गेला, त्यात तशीच दुसरी जुनी गाडी आली असती.

मिस्त्रींना दोष देण्यात अर्थ नाही, हे मी आधीच सांगते. त्यांच्या हाताखालून ही यंत्रं गेलीच नाहीत. का गेली नाहीत, तिथूनच आपली गोष्ट सुरू होते.

सोलापूरचा माणूस आणि क्लचची गाडी

उजनी धरणाजवळ भीमा ओलांडून पुण्याकडे निघालं की इंदापूर तालुका लागतो. त्याच तालुक्यात वालचंदनगर आहे. ज्यांच्या नावाचं ते गाव, ते वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी भारतात बनाव्यात हा त्यांचा ध्यास. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, पुढे फियाट आली, आणि १९७० च्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी आठवते ना? तीच.

त्याआधी मुंबईत परदेशी कंपन्या गाड्या जोडत होत्या. फोर्डने १९२६ मध्ये भारतात कंपनी काढली, जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत काम सुरू केलं. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं की नुसते परदेशी सुटे भाग जोडून चालणार नाही, गाडी हळूहळू इथेच बनली पाहिजे. १९५३ च्या सुमारास हे पक्कं झाल्यावर या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

आता काळ बघा. अमेरिकेत ऑटोमॅटिक घराघरात पोहोचली ती नेमकी १९५० च्या दशकात. म्हणजे हे तंत्र तिकडे पसरत होतं तेव्हा ते इकडे आणू शकणाऱ्या कंपन्या निघून जात होत्या. मागे राहिल्या अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. तिन्ही क्लचच्या गाड्या. पेट्रोल महाग, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचा, आणि ज्याच्याकडे गाडी त्याच्याकडे बहुतेक वेळा ड्रायव्हरही. डाव्या पायाचे कष्ट वाचवायला जास्त पैसे कोण मोजणार?

त्यामुळे आपल्याकडच्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि नव्वद नंबरच्या ऑइलवर शिकल्या. ऑटोमॅटिक दिसायची ती एखाद्या श्रीमंताच्या इम्पोर्टेड गाडीत. १९९० च्या दशकात मारुती झेन तीन गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळू लागली, पुढे काही हॅचबॅकमध्ये चार गिअरचे ऑटोमॅटिक आले, पण घेणारे थोडेच. खरी गर्दी झाली २०१४ मध्ये सेलेरिओ आल्यावर. योगायोग बघा, अँबॅसेडरचं उत्पादन थांबलं तेही २०१४ मध्येच.

पहिला प्रश्न: कुठली ऑटोमॅटिक?

इथे एक घोळ आहे. सेलेरिओमध्ये आली ती एएमटी. तिच्यात गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लच प्लेटही नेहमीचीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी एक यंत्र बसवलंय. ही गाडी घसरत असेल तर पहिला संशय क्लच प्लेटवर, आणि ते काम आपल्या गावातल्या मिस्त्रीला येतं. फक्त नंतर स्कॅनर लावून नवीन प्लेटची ओळख कॉम्प्युटरला करून द्यावी लागते.

दुसरी जात सीव्हीटी. तिच्यात ठरावीक गिअरच नसतात. दोन पुली आणि मध्ये एक पट्टा. पुली रुंद-अरुंद होतात तसा वेग बदलतो. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये ही रचना छोट्या गाडीत सादर केली, तेव्हा पट्टा रबराचा होता, आता बहुतेक गाड्यांमध्ये स्टीलचा असतो. सीव्हीटीमध्ये रेस दिल्यावर आधी इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मागून वेग घेते. तो तिचा स्वभाव आहे. त्याला स्लिप समजून घाबरू नका.

तिसरी जात म्हणजे जुनी, खरी, तेलावर चालणारी ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टरवाली. मावशीची गाडी यातली. इथून पुढे आपण हिच्याबद्दल बोलतोय.

तिन्हींवर एकच शब्द लिहिलेला असतो: ऑटोमॅटिक. तिन्हींची तेलं वेगळी, तिन्हींचे आजार वेगळे. म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर आधी गाडीचं मॅन्युअल उघडून जात कोणती ते ठरवा.

तेलातले दोन पंखे

जहाजाच्या वाफेच्या टर्बाइनची एक अडचण होती. टर्बाइन फार जोरात फिरते आणि पाण्यातला पंखा सावकाश फिरावा लागतो. जर्मनीत श्टेटिनच्या व्हल्कन जहाज कारखान्यात काम करणाऱ्या हेर्मान फॉटिंगर यांनी १९०५ मध्ये यावर पेटंट घेतलं. (ते शहर आज पोलंडमध्ये आहे.) कल्पना अशी: समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. आता हवेऐवजी तेल भरा आणि दोघांना एका बंद डब्यात घाला. एक इंजिनला जोडलेला, दुसरा पुढे चाकांकडे. मध्ये धातूला धातू लागतच नाही. म्हणूनच सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही.

पुढे यातच तिसरा, मधला पंखा आला, तो परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतो आणि सुरुवातीला जोर वाढवून देतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. १९४८ मध्ये ब्यूइकने तो डायनाफ्लो नावाने गाड्यांमध्ये दिला.

आता निदानासाठी महत्त्वाचं काय? ही जोडी थोडी घसरतेच. घसरण्यावरच तिचं काम चालतं. म्हणून उभी गाडी सुटताना इंजिनचे आरपीएम थोडे पुढे पळाले, तर तो आजार नाही. पण सतत घसरत राहिलं की पेट्रोल वाया जातं आणि तेल तापतं. यावर उपाय म्हणून पॅकार्डने १९४९ मध्ये आपल्या अल्ट्रामॅटिकमध्ये एक कुलूप बसवलं: वेग आला की दोन्ही पंखे एकमेकांना पकडतात आणि एकत्र फिरतात. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर क्रायस्लरने १९७८ पासून तीच कल्पना पुन्हा आणली, आणि मग सगळीकडे ती रुळली. त्यामुळे हायवेला एकसारख्या ७०-८० च्या वेगात काटा २००-३०० आरपीएम वर-खाली होत असेल, तर संशय या कुलपावर घ्यायचा. गिअरच्या प्लेटवर लगेच जायचं नाही.

फोर्डचं पेडल आणि जीएमचं डोकं

गिअरचं काय? हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ बनत होती. तिच्यात तीन पेडल होती, पण आजच्यासारखी नाहीत. गिअर आपसात कायम अडकलेले, एका मोठ्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणारे. सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे, म्हणून त्यांना ग्रहगिअर म्हणू. त्यातला एखादा भाग धरून ठेवला की वेगाचं प्रमाण बदलतं. धरायला कापडी अस्तराचा पट्टा, आणि पट्टा आवळायला तुमचा पाय. पट्टा झिजला की पेडल पार तळाला जायचं आणि गाडी घसरायची. मग मालक स्वतः स्क्रू फिरवून पट्टा घट्ट करायचा. निदान एवढं सोपं होतं: पेडल कुठपर्यंत जातंय?

जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्प्सन यांच्या टीमने हे ग्रहगिअर फॉटिंगरच्या तेलपंख्यांना जोडले आणि पट्टा आवळायचं काम पायाऐवजी तेलाच्या दाबाला दिलं. कधी आवळायचा, कधी सोडायचा हे ठरवायला वाल्व आणि बारीक वाटांचं एक जाळं. हायड्रामॅटिक नावाने १९३९ मध्ये ते जाहीर झालं आणि १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये मिळू लागलं. चार गिअर, क्लच पेडल नाही. लगेच महायुद्ध आलं आणि हेच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम५ स्टुअर्ट रणगाड्यात बसले. लढाईतून तावूनसुलाखून निघालेली वस्तू म्हटल्यावर युद्धानंतर लोकांचा विश्वासही बसला.

मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे ही गोष्ट मला फार आवडते. ते वाल्वचं जाळं म्हणजे तेलात लिहिलेला प्रोग्रॅमच आहे. वेगाचा दाब इकडून, अॅक्सिलरेटरचा दाब तिकडून, जो जिंकेल त्याप्रमाणे वाल्व सरकतो आणि गिअर बदलतो. कॉम्प्युटर घराघरात यायच्या चाळीस वर्षं आधी.

आणि यातच आजच्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. त्या पेटीत तेल एकाच वेळी चार कामं करतं: जोर पोहोचवतं, पट्टे आणि प्लेटा दाबून धरतं, भाग गार ठेवतं आणि वंगणही देतं. आपल्या नेहमीच्या गिअरबॉक्समध्ये ते फक्त वंगण असतं. नव्वद नंबर थोडं कमी झालं तरी गाडी चालत राहते. इथे तेल कमी झालं की हातच ढिला पडतो. म्हणून तपासणी तेलापासून सुरू करायची.

कांडी काय सांगते

मावशीच्या गाडीला कांडी होती. (काही गाड्यांना नसते, त्यांचं तेल खालच्या बोल्टमधून ठरावीक तापमानाला बघतात.) गाडी सपाटीवर उभी करायची, तेल गरम झालेलं हवं, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खाचेत थोडं थांबवून परत पार्किंगमध्ये आणायचं, आणि बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन चालू ठेवूनच कांडी काढायची. काही कंपन्यांची पद्धत याहून वेगळी आहे, तेव्हा मॅन्युअल बघा. इंजिन ऑइलच्या सवयीने थंड, बंद गाडीत कांडी बघितली तर आकडा चुकीचा येतो.

तेल कमी असेल तर: पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, प्लेटा नीट आवळल्या जात नाहीत. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही. कमी झालंय म्हणजे कुठेतरी गळतंय. चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सील, खालच्या पत्र्याचं गॅसकेट, रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या, या जागा बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग बघा. फुकटातली टेस्ट.

रंग आणि वास: नवीन तेल बहुतेकदा लालसर. तपकिरी म्हणजे वय झालंय. काळं आणि करपलेला वास म्हणजे प्लेटांचं अस्तर जळतंय. गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. ते जातं कुठून? बऱ्याच गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या पोटातल्या नळीत गार होतं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं क्षारवालं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की तो गंजतो, नळी सडते आणि दोन्ही द्रव एक होतात. आपल्या भागात हे नीट लक्षात ठेवा. दुधी तेलावर गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

देवमासा कुठे आला?

गिअर बदलताना प्लेटांनी पकडायचं तर आहे, पण झटका न देता. त्यासाठी तेलात घर्षण सांभाळणारा एक पदार्थ मिसळावा लागतो. कित्येक वर्षं हा पदार्थ स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाच्या तेलापासून येत होता. गरम झालं तरी ते टिकायचं. शिकारीमुळे देवमासे संपायला आले, तेव्हा अमेरिकेने १९७० मध्ये त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि ते तेल आणणं बंद झालं. मग रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. पुढे प्रत्येक कंपनीच्या गिअरबॉक्सचं गणित वेगळं आणि तेलही वेगळं होत गेलं.

म्हणून "कुठलंही लाल ऑइल टाक" हे चालत नाही. मॅन्युअलमध्ये जे नाव आणि जो प्रकार दिलाय तोच. आणि नव्वद नंबर तर चुकूनही नाही.

उष्णतेचंही तसंच. या क्षेत्रातला जुना ठोकताळा सांगतो की नेहमीच्या तापमानाच्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्यात उसाच्या ट्रॉलीमागे रांगत रांगत जायचं. पुस्तकात "आयुष्यभर तेल बदलू नका" लिहिलं असलं, तरी ते आयुष्य कुणाचं आणि कुठल्या हवेतलं, हे विचारायला हवं.

कधी घसरते, कुठे घसरते

गॅरेजमध्ये जाण्याआधी आठवडाभर मोबाइलमध्ये नोंदी करा. थंड असताना घसरते की गरम झाल्यावर? सगळ्या गिअरमध्ये की दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाच? रिव्हर्स बरोबर आहे का? प्रत्येक गिअरला ठरावीक प्लेटा लागतात. सगळीकडेच घसरत असेल तर संशय सामाईक गोष्टींवर: तेल, फिल्टर, पंप, दाब. एकाच ठिकाणी घसरत असेल तर त्या गिअरची प्लेट किंवा तिला तेल सोडणारा सोलेनॉइड. जुन्या तीन गिअरच्या गाडीत अॅक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सला जाणारी केबलही बघायची. ती ढिली असेल तर पेटीला वाटतं तुम्ही हळूच पाय ठेवलाय, आणि ती दाब कमीच ठेवते.

मग स्कॅनर. इथेही सोलापूरचा एक गमतीचा संबंध आहे. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ हा प्रदूषणाचा नियम आधी देशातल्या फक्त १३ शहरांत लागू झाला, आणि त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर होतं. त्याच नियमाबरोबर गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली.

गिअरबॉक्समध्ये दोन सेन्सर असतात, एक आत येणारा वेग मोजतो, दुसरा बाहेर जाणारा. समजा एखाद्या गिअरचं प्रमाण १.५ आहे. आत ३००० फेरे आले तर बाहेर २००० हवेत. बाहेर १८०० च मिळाले, तर २०० फेरे मध्येच हरवले. ती घसरण. कॉम्प्युटर हा भागाकार सतत करत असतो, आणि फरक वाढला की कोड टाकतो. पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही. पी०७३१ पहिल्या गिअरचा, पी०७३२ दुसऱ्याचा, असं पुढे. पी०७४१ कन्व्हर्टरच्या कुलपाचा. पण कोड म्हणजे फक्त पत्ता. त्या पत्त्यावर गुन्हेगार कोण, हे तपासावंच लागतं.

आणि तपासाचं शेवटचं हत्यार जुनंच आहे: प्रेशर गेज. गिअरबॉक्सच्या अंगावर एक छोटा बोल्ट असतो, तो काढून तिथे गेज लावायचा. दाब कमी आला तर पंप, फिल्टर किंवा वाल्वकडे बघा. दाब पूर्ण असून घसरत असेल तर प्लेटा झिजल्यात, पेटी उघडावी लागेल. थोडक्यात, पेटी उघडायची की नाही हे गेज सांगतो. गेज न लावता "गिअरबॉक्स गेला" म्हणणं म्हणजे थर्मामीटर न लावता ऑपरेशन ठरवणं.

ब्रेक दाबून पूर्ण रेस द्यायची, ती स्टॉल टेस्ट तुम्ही व्हिडिओत बघितली असेल. घरी करू नका. पाच सेकंदांच्या पुढे गेलं तर तेल भयंकर तापतं, आणि समोर कुणी उभं असेल तर जिवावर बेतू शकतं.

ट्रॅक्टर आणि दोर

हायवेला गाडी बंद पडली की आपल्याकडे मदत लगेच मिळते. कुणीतरी ट्रॅक्टर थांबवतो, दोर बांधतो, "चला, गावात सोडतो." भावना सोन्यासारखी, पण ऑटोमॅटिकला घातक. गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग कोरडे घासतायत. जुन्या अमेरिकन गाड्यांत चाकांवर फिरणारा दुसरा पंपही असायचा, त्यामुळे त्या धक्का मारूनही चालू व्हायच्या. १९६० च्या दशकात तो पंप काढून टाकला गेला. आताच्या गाडीला धक्का नाही आणि दोरही नाही. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून, किंवा सरळ गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून न्यायची.

मावशीच्या गाडीचं काय झालं

कांडीवर तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. रंग तपकिरी, पण करपलेला वास नाही. पुठ्ठ्यावर उजव्या शाफ्टखाली डाग. टेंभुर्णीतल्याच एका मिस्त्रींनी सील बदललं. "हे तर आमचंच काम आहे की," असं ते म्हणाले, आणि खरंच होतं. मग योग्य तेल भरलं. एकदा खालचा बोल्ट काढून सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून थोडे दिवस चालवून ते परत काढलं आणि भरलं. दाब देऊन धुऊन काढायचं टाळलं. सोलापुरात गेज लावून घेतला, दाब मॅन्युअलच्या आकड्यात बसला. गाडी ओढायला लागली.

सगळ्यांचं असं होईल असं नाही. तेल काळं निघालं असतं, तर नुसतं तेल बदलून काही साधलं नसतं. लोक म्हणतात ना, "ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला"? बहुतेक वेळा तो आधीच गेलेला असतो, तेल बदलायची आठवण उशिरा होते. मावशीच्या गाडीतही तेल कमी असताना प्लेटा थोड्याफार झिजल्याच असणार. ती गाडी अजून किती वर्षं चालेल, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण आज ती चालतेय, आणि मावशी सकाळी कुणाची वाट न बघता शाळेत जातेय.

२०१४ नंतर घेतलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता म्हाताऱ्या होतायत. सेकंडहँड बाजारातून त्या तालुक्याच्या गावात येणारच. गुडघे दुखणारे काका घेतील, पहिल्यांदा गाडी शिकणारी मुलगी घेईल, माझ्या मावशीसारखं कुणी घेईल. इथल्या गॅरेजमध्ये हात आहेत, कान आहेत. एक स्कॅनर, एक प्रेशर गेज आणि योग्य तेलाचा डबा एवढी भर पडली, तर यातल्या कितीतरी गाड्या पुण्याला न जाताच बऱ्या होतील. तोवर तुमच्या ओळखीत कुणाची ऑटोमॅटिक घसरत असेल, तर त्यांना हा भाग पाठवा आणि विचारा: कांडी बघितली का?

भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा!